घंटा वाजवणाऱ्याची नोकरी

माझा बाप शाळेत शिपाई होता. शाळा खाजगी संस्थेची, पण चालायची सरकारी अनुदानावर. सकाळी सहाला जाऊन तो कुलपं उघडायचा, वर्ग झाडायचा, अंगणात पाणी मारायचा आणि साडेसातला घंटा द्यायचा. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. गावातले निम्मे लोक त्या घंटेवर घड्याळ लावत. पण पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला बापानं हात लावायचा नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता. पिंप भरायला दुसरा शिपाई होता, वरच्या आळीतला. झाडू आमच्या बापाचा, पिंप त्याचं. पगारपत्रकावर मात्र दोघांपुढं एकच शब्द : शिपाई.

१९८० च्या उन्हाळ्यात संस्थेच्या चिटणीसानं बापाला घरी बोलावून घेतलं. ओट्यावर उभं करून सांगितलं, "उद्यापास्नं येऊ नको." कागद नाही, चौकशी नाही, कारण नाही. कारण आम्हाला ठाऊक होतं. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाप पुढं होता आणि मिरवणूक नेमकी त्या ओट्यावरून गेली होती. बाप घरी आला आणि आईला म्हणाला, "घंटा काढून घेतली गं." नोकरी गेली असं नाही म्हणाला. पुढची दोन वर्षं तो रोजगार हमीवर खडी फोडत होता.

हे घरगुती गाऱ्हाणं इथं मांडतोय, कारण गेल्या महिन्यातल्या अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता तावातावानं बोलला. पोरगा हुशार आहे, वाचतो. तो म्हणाला, "संस्थाचालकांच्या शाळा म्हणजे जातीचे अड्डे. त्यापेक्षा अमेरिकेसारख्या चार्टर शाळा आणा. सरकारनं पैसा द्यायचा, चालवायला नव्या लोकांना द्यायची, निकाल नाही लागला तर बंद. न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्यांच्या पोरांचे निकाल सुधारलेत, आकडे आहेत." टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो, कारण आकडे आहेत हे खरंच आहे. पण त्या शहरात घंटा वाजवणाऱ्याचं काय झालं, हे त्याला माहीत नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नव्हतं. म्हणून हा लेख.

चार्टर शाळा ही चीज काय आहे ते आधी सांगतो. पैसा सरकारी, पोरांना फी नाही, पण कारभार खाजगी मंडळाकडे. सरकारशी ठराविक वर्षांचा करार, म्हणजे चार्टर. करारात निकालाची हमी द्यायची आणि त्या बदल्यात सरकारी शाळेला लागू असलेले बरेच नियम या शाळेला माफ. गंमत अशी की ही कल्पना उचलून धरली ती एका युनियनवाल्यानं. अल्बर्ट शँकर, शिक्षकांच्या राष्ट्रीय युनियनचा अध्यक्ष. १९८८ साली त्यानं मांडलं की शिक्षकांनाच थोडी मोकळीक देऊन नव्या पद्धतीच्या शाळा काढू द्या. १९९१ साली मिनेसोटा राज्यानं पहिला कायदा केला, १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. पुढं कल्पना शिक्षकांच्या हातून सुटली, भांडवलदारांच्या देणग्यांवर पोसली गेली, आणि शँकर स्वतःच तिच्यावर टीका करू लागला. 'नियम माफ' या दोन शब्दांचा अर्थ वर्गात शिकवणाऱ्याला एक दिसतो. स्वयंपाकघरातल्या बाईला, झाडूवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला, ऑफिसातल्या कारकुनाला दुसराच दिसतो. सेवाज्येष्ठता, चौकशीशिवाय बडतर्फी नाही, पेन्शन, युनियनशी करार, हेच ते नियम.

आता न्यू ऑर्लिन्स. लुइझियाना राज्यातलं, मिसिसिपी नदीकाठचं हे शहर आपल्याला परकं वाटू नये. १८९२ साली याच शहरात होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसला आणि अटक करून घेतली. तो एकटा नव्हता, काळ्या समाजाची कमिटी पाठीशी होती. सगळं ठरवून केलं होतं, आपल्या महाडसारखं. १८९६ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला आणि 'वेगळे पण समान' हे थोतांड कायद्यात बसवलं. पुढची अठ्ठावन्न वर्षं काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. समान कधीच नव्हत्या.

या शहरातल्या कितीतरी शाळांची नावं एकच : मॅकडोनो नंबर अमुक, मॅकडोनो नंबर तमुक. जॉन मॅकडोनो हा गुलामांचा मालक. १८५० मध्ये मेला तेव्हा गरिबांच्या शाळांसाठी इस्टेट ठेवून गेला. काळ्यांच्या घामाची इस्टेट, आणि नाव दानशूराचं. आपल्याकडेही असे दानशूर कमी नाहीत. दरवर्षी मे महिन्यात शहरातली पोरं त्याच्या पुतळ्याला फुलं वाहायला जात. आधी सगळ्या गोऱ्या शाळा. त्यांची फुलं, त्यांची गाणी, त्यांचा नगराध्यक्षाच्या हातून सत्कार. तोवर काळी पोरं उन्हात उभी. गोरं शेवटचं पोरगं निघून गेलं की मग यांची पाळी. वर्षानुवर्षं हे चालू होतं.

७ मे १९५४ ला काळी पोरं गेलीच नाहीत. आईबापांनी पाठवली नाहीत, शिक्षकांनी नेली नाहीत. मोजकी काही सोडली तर चौक रिकामा. आणखी दहा दिवसांनी, १७ मेला, सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळे पण समान' मोडीत काढलं. लोक न्यायालयाची तारीख लक्षात ठेवतात. मला सात मे जास्त महत्त्वाची वाटते. कारण त्या दिवशी पगारी माणसं, ज्यांची नोकरी त्याच बोर्डाच्या हातात होती ती माणसं, घरी बसली.

ती का बसू शकली? याचं उत्तर मागच्या सतरा वर्षांत आहे. १९३७ साली काळ्या शिक्षकांनी स्वतःची युनियन काढली, लोकल ५२७. व्हेरोनिका हिल ही बाई तिच्या पुढाऱ्यांपैकी. त्या काळी काळ्या शिक्षकाला गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी पगार होता, काम तेच, शिक्षण तेच. ए. पी. ट्युरो या काळ्या वकिलानं बोर्डावर दावा लावला आणि १९४२ साली बोर्डाला समान पगार टप्प्याटप्प्यानं देणं कबूल करावं लागलं. पुढं १९७२ साली ही काळी युनियन आणि गोऱ्यांची संघटना एक झाली. १९७४ साली त्यांनी बोर्डाशी सामुदायिक करार मिळवला. लुइझियानात सरकारी नोकरांशी असा करार करायला भाग पाडणारा कायदाच नव्हता. कायदा नसताना मिळवला. नंतर वर्गातल्या मदतनीस बाया आणि कारकून मंडळीही या युनियनमध्ये आली.

याचा परिणाम बघा. ज्या शहरात काळ्या माणसाला हॉटेलात पाठीमागच्या दारानं शिरून भांडी घासण्यापलीकडं काम नव्हतं, तिथं शाळा ही एकच जागा अशी होती की ठरलेला पगार, आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन आणि चौकशीशिवाय हाकलणार नाही ही खात्री. शिक्षक तर झालेच, पण शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई, इमारत सांभाळणारा माणूस, यांनीही त्या पगारावर घरं बांधली, पोरं कॉलेजात घातली. तिथला काळा मध्यमवर्ग निम्मा शाळेच्या हजेरीपटावर उभा होता असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. आपल्याकडे रेल्वे, गिरण्या, नगरपालिका आणि पुढं राखीव जागांनी जे केलं, ते तिथं शाळा बोर्डानं केलं.

इथं थोडं थांबतो. शाळेच्या शिपायाबद्दल आपल्या मनात एक चित्र आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला तहान लागली की नळ सोडायला शिपाई लागायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. त्यामुळं शिपाई म्हटला की आपल्याला तो नळावरचा पहारेकरी आठवतो. पण त्या शिपायाच्या जागेवर आपला माणूस आल्यावर काय झालं, हा इतिहास कुणी लिहिला नाही. आपण कलेक्टर झालेल्यांचे सत्कार केले, प्राध्यापकांची आत्मचरित्रं वाचली. शाळेतल्या शिपायाच्या पगारावर किती कलेक्टर शिकले ते मोजलं नाही. मी माझ्या बापाविषयी आज पहिल्यांदा लिहितोय, यातच काय ते आलं.

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना वादळ. वादळापेक्षा बंधारे फुटले हे खरं कारण, आणि बंधारे सरकारी अभियंत्यांनी बांधलेले. शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. गाड्या असलेले आधी निघून गेले, बिनगाडीचे छपरावर चढले. ते कोण होते हे टीव्हीवर सगळ्या जगानं पाहिलं.

सप्टेंबरात शाळा बोर्डानं सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी 'आपत्ती रजे'वर टाकलं. नोव्हेंबरात राज्य विधिमंडळानं नवा कायदा केला. नापास शाळेची व्याख्या बदलली, रेषा वर ओढली, इतकी की शहरातल्या शंभरावर शाळा एका फटक्यात नापास ठरल्या आणि राज्यानं त्या ताब्यात घेतल्या. शाळा राज्याकडे गेल्या, पण माणसं बोर्डाकडेच राहिली. म्हणजे बोर्डाकडे माणसं आहेत आणि शाळाच नाहीत! मग बोर्डानं २००६ च्या सुरुवातीला साऱ्यांना कामावरून काढल्याची पत्रं पाठवली. सुमारे साडेसात हजार माणसं. त्यात चार हजारांवर शिक्षक. उरलेले कोण? मदतनीस, कारकून, स्वयंपाकी, सफाईवाले, सुतार, ड्रायव्हर.

पत्रं पाठवली ती जुन्या पत्त्यांवर. जी घरं पाण्यात गेली होती त्या घरांच्या दारावर. माणसं ह्यूस्टनला, अटलांटाला, नातेवाइकांच्या ओसरीवर, आणि पत्र चिखलातल्या दाराशी. बापाला ओट्यावर बोलावून तोंडी सांगितलं होतं. चिटणीसाला निदान त्याच्या तोंडाकडं बघावं तरी लागलं.

३० जून २००६ ला युनियनचा करार संपला. बोर्डानं तो पुन्हा केला नाही. बत्तीस वर्षांचं काम एका तारखेनं पुसलं.

एक गोष्ट लपवायची नाही. वादळाआधी ते बोर्ड काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. पैशांचा इतका घोळ होता की २००४ साली केंद्रीय तपास यंत्रणेनं बोर्डाच्या मुख्य इमारतीतच आपलं ऑफिस थाटलं. बोर्डाच्या एका माजी अध्यक्षेनं पुढं न्यायालयात लाच घेतल्याचं कबूल केलं. शाळांचे निकाल वाईट होते आणि काळे आईबाप संतापलेले होते. त्यांचा संताप खोटा नव्हता. पण चोरी वरच्या खुर्चीनं केली आणि हाकलला कोण, तर डाळ शिजवणारी बाई. संस्थाचालकाच्या पापासाठी शिपायाला काढणं, ही रीत आपल्याला नवी आहे का?

मिल्टन फ्रीडमन या बाजारवादी अर्थपंडितानं डिसेंबर २००५ मध्येच वर्तमानपत्रात लिहिलं की ही शोकांतिका आहे आणि शिक्षणव्यवस्था मुळापासून बदलायची संधीही आहे. २०१० साली खुद्द केंद्रीय शिक्षणमंत्री म्हणाला की न्यू ऑर्लिन्सच्या शिक्षणाच्या दृष्टीनं कॅटरिना ही सगळ्यात चांगली गोष्ट घडली. ओरड झाल्यावर माफी मागितली. हा मंत्री ओबामांच्या मंत्रिमंडळातला होता, हेही ध्यानात ठेवा. वर आपला माणूस बसला म्हणजे खाली सगळं आपोआप ठीक होतं, असं समजणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

काढलेली माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी साऱ्यांच्या वतीनं एक दावा लावला. २०१२ साली जिल्हा न्यायाधीश एथेल सिम्स ज्युलियन यांनी निकाल दिला : या लोकांना काढताना कायद्याची रीत पाळली नाही, नव्या शाळांत त्यांना आधी संधी द्यायला हवी होती. जानेवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयानं हा निकाल उचलून धरला, दोन ते तीन वर्षांचा मागचा पगार द्या म्हणून सांगितलं. आठ वर्षांनी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध दोन मतांनी सगळं उलटवलं. म्हणे युनियननं बोर्डाशी आधीच्या दाव्यात तडजोड केली होती, तेव्हा हा विषय पुन्हा उकरता येत नाही. आणि तसं नसतं तरी अशा आपत्तीत बोर्डानं काही गैर केलं नाही. मे २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. संपलं. साडेसात हजारांना छदाम मिळाला नाही. ज्या लढाऊ युनियननं बत्तीस वर्षं संरक्षण दिलं, तिचीच तडजोड शेवटी गळ्याला फास झाली. तडजोडीवर सही करताना खालच्या माणसाला विचारलं होतं का, हा प्रश्न प्रत्येक युनियनला, आपल्यालाही, विचारला पाहिजे.

नव्या चार्टर शाळांत भरती झाली ती बरीचशी बाहेरून आलेल्या, नुकत्याच कॉलेजातून निघालेल्या तरुणांची. वादळाआधी शहरातले सुमारे ७१ टक्के शिक्षक काळे होते. २०१४ पर्यंत ते निम्म्याच्या खाली आले. पोरं मात्र बहुसंख्य काळीच राहिली. ज्या विल्यम फ्रँट्झ शाळेत १४ नोव्हेंबर १९६० ला सहा वर्षांची रुबी ब्रिजेस पोलीस पहाऱ्यात एकटी शिरली, शिव्यांच्या वर्षावात, त्या शाळेच्या इमारतीतही पुढं चार्टर शाळाच आली.

शिक्षकांचे निदान टक्के तरी कुणी मोजले. स्वयंपाकीण, झाडूवाला, ड्रायव्हर यांचे टक्के वर्तमानपत्रात क्वचितच दिसतात. त्यांच्या नोकरीचं स्वरूप काय झालं? प्रत्येक शाळेचं किंवा शाळांच्या साखळीचं मंडळ वेगळं, म्हणजे मालक वेगळा. आधी एक बोर्ड होतं, एका ठिकाणी मोर्चा नेला की झालं. आता मालक किती आणि कोण हेच कळेना. नोकरी मर्जीची : कारण न सांगता कधीही काढता येतं, माणसालाही कधीही सोडता येतं. हे 'सोडता येतं' म्हणजे स्वातंत्र्य असं तिथले शहाणे सांगतात. राज्याच्या पेन्शनमध्ये सामील व्हायचं की नाही हे शाळा ठरवणार. स्वयंपाक, सफाई, बस यांचं काम कंत्राटदाराला दिलं तर तो माणूस शाळेचा राहतच नाही. चार्टरची मुदत संपली, निकाल घसरला, शाळा दुसऱ्या मंडळाला दिली, की पोरं पुढं जातात आणि नोकर पुन्हा अर्ज करतात.

सगळ्यात मासलेवाईक गोष्ट म्हणजे या शाळांची दोन तोंडं. शिकागोतल्या एका चार्टर शाळेत युनियन करायची वेळ आली. तिथं राज्याचा कायदा सरकारी शाळांतल्या युनियनला सोयीचा. तेव्हा शाळेनं सांगितलं, आम्ही सरकारी नाही, खाजगी आहोत. २०१२ साली राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानं ते मान्य केलं. न्यू ऑर्लिन्समध्ये उलटं. तिथं खाजगी कामगारांचा केंद्रीय कायदा युनियनला सोयीचा. तेव्हा तिथल्या चार्टर शाळेचे चालक म्हणाले, आम्ही खाजगी नाही, आम्ही तर राज्य सरकारचाच भाग! २०१८ साली केंद्रीय अपील न्यायालयानं त्यांना झिडकारलं आणि सांगितलं, तुमचं मंडळ तुम्हीच निवडता, जनता निवडत नाही, तुम्ही खाजगी मालक आहात, कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करा. पैसे घेताना सरकारी, हिशेब देताना खाजगी, आणि हक्क मागितला की जे सोयीचं ते. आमच्या संस्थेचा चिटणीस हे ऐकून खूश झाला असता.

आता निकालांचं. तिथल्या ट्युलेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तपासलंय, पोरांचे परीक्षेतले गुण वाढले, शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. ते मी नाकारत नाही. त्यावरही वाद आहेत, पैसाही जास्त ओतला गेला, शहरातले सगळ्यात गरीब लोक परतलेच नाहीत. पण समजा, सगळं श्रेय चार्टरलाच दिलं. तरी माझा प्रश्न राहतो. पोराचे दहा गुण वाढवायला त्याच्या आजीची पेन्शन काढून घ्यावी लागते, हे गणित कुठल्या पुस्तकात आहे? समान पगार मिळवला तेव्हा पोरं शिकायची थांबली नव्हती. ७ मेला चौक रिकामा ठेवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गातूनच पुढची चळवळ उठली. शाळेत पोरगं फक्त फळ्यावरून शिकत नाही. आपल्यासारखा काळा माणूस ताठ मानेनं घंटा देतो, त्याला कुणी 'उद्यापास्नं येऊ नको' म्हणू शकत नाही, हेही ते बघत असतं.

सगळीकडे हार झाली असंही नाही. शिकागोतच, ४ डिसेंबर २०१८ ला, असेरो नावाच्या साखळीतल्या पंधरा चार्टर शाळांत संप झाला. देशातला चार्टर शाळांतला पहिला संप. पाचशेवर माणसं. त्यात शिक्षक होते तशा वर्गातल्या मदतनीस बायाही होत्या. शिक्षकांनी एकट्यापुरतं मागितलं नाही, मदतनिसांचा पगारही सरकारी शाळांच्या पातळीवर आणा, हे मागणीत होतं. पाच-सहा दिवसांत मालक नमला. मेम्फिसच्या सफाई कामगारांचा १९६८ चा संप आपल्याला माहीत आहे, कारण त्या संपासाठी गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंगला तिथं गोळी लागली. तो संप सुरू झाला तो कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेलेल्या दोन कामगारांमुळं. किंग आठवतो, ते दोघं आठवत नाहीत.

आपलं आणि त्यांचं नातं नवं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली आपल्या पोरांनी नाव घेतलं ते काळ्या पँथरांचं. पण आपण त्यांच्याकडून घोषणा घेतल्या. त्यांच्या हजेरीपटांचा इतिहास घेतला नाही.

आणि आपल्याकडे? बापाला काढलं १९८० मध्ये. तेव्हा कायदा नव्हता असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. होता! महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा. त्यात 'कर्मचारी' म्हणजे शिक्षक आणि शिक्षकेतर दोन्ही. शिपायालाही चौकशीशिवाय काढता येत नाही, चौकशी समितीत एक सभासद त्याच्या पसंतीचा, काढलं तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. पण तो अंमलात आला १५ जुलै १९८१ ला. पास झालेला कायदा तीन वर्षांवर कपाटात पडून होता आणि त्या मधल्या फटीत माझा बाप पडला. आधीची शाळा संहिता होती, पण तिला कायद्याचं बळ नव्हतं. वकील म्हणाला, "एक वर्ष उशिरा काढलं असतं तर लढलो असतो." बाप हसला होता. मला तेव्हा त्या हसण्याचा राग आला होता.

आज ती फट पुन्हा उघडलीय, उलट्या बाजूनं. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं ठरवलं की अनुदानित शाळांत शिपायाचं पद रिकामं झालं की ते पुन्हा भरायचं नाही. त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता', ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. म्हणजे पद गेलं आणि काम राहिलं. शिक्षकेतर संघटनांनी विरोध केला. आपण कुठं होतो? सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला तेव्हा आपली सुशिक्षित पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात सरकारनं तो मागे घेतला. चांगलं झालं. पण तेव्हा भीती कारकुनाच्या, इंजिनिअरच्या खुर्चीची होती. झाडूची वाट आधीच मोकळी करून दिली होती. भत्त्यावरचा किंवा कंत्राटदाराचा माणूस न्यायाधिकरणापुढं गेला तर त्याला आधी हेच सिद्ध करावं लागणार की मी या शाळेचा कर्मचारी आहे. कशावरून करणार? हजेरीपटावर नाव नाही, नेमणुकीचा कागद नाही. ज्या कायद्याची माझ्या बापानं वाट बघितली, तो कायदा पुस्तकात शाबूत आहे. फक्त तो ज्याला लागू व्हायचा तो माणूस तेवढा काढून घेतला.

अभ्यासवर्गातल्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे संस्थाचालकच बरे का?" नाही रे बाबा. तुझी चीड खरी आहे, माझ्या बापाला काढलं ते संस्थाचालकानंच. पण त्याच्या नरड्यावर १९८१ साली जो कायद्याचा हात पडला, तो हात सोडवायला तोही टपलेला आहे. चार्टर म्हण, दत्तक म्हण, भत्ता म्हण.

न्यू ऑर्लिन्सची अलीकडची बातमी सांगून थांबतो. जून २०२० मध्ये निदर्शकांनी मॅकडोनोचा पुतळा उपटून मिसिसिपीत फेकला. ऑगस्ट २०२४ मध्ये, कितीतरी वर्षांनी, बोर्डानं स्वतः चालवायची एक शाळा उघडली. तिला नाव दिलंय लिया चेस हिचं. ही बाई स्वयंपाकीण. तिच्या खानावळीत वरच्या मजल्यावर काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र बसायचे, जे तेव्हा बेकायदा होतं, आणि ती त्यांना जेवू घालायची. एकच शाळा आहे, बाकी जवळजवळ सगळं शहर अजून चार्टरचंच. पण नाव स्वयंपाकिणीचं आहे.

पुढचा अभ्यासवर्ग दुसऱ्या रविवारी, नेहमीच्या जागी. येताना प्रत्येकानं आपापल्या गावातल्या, वस्तीतल्या शाळेत जाऊन यायचं. तिथं झाडू कोण मारतं, खिचडी कोण शिजवतं, घंटा कोण देतं, पगार कोणाच्या हातून मिळतो, किती मिळतो, आणि कागद आहे का. नावं वहीत लिहून आणा. नुसता आकडा नको.